वाचकांचे प्रश्न: चरित्र की रहस्यकथा?

प्रश्न: ९ वर्षांची मुलगी रहस्यकथांचा फडशा पाडते, चरित्र मात्र चार पानांत मिटते. काय करावं?

उत्तर: रहस्यकथा मुळीच थांबवू नका. मागची खूण लक्षात ठेवून वाचायची सवय तिथेच लागते. चरित्र निवडताना मधलं पान उघडा. माणूस धडपडताना, चुकताना दिसला तर घ्या. नुसती विशेषणं असतील तर ठेवून द्या. सुरुवात लुई ब्रेलपासून करा. १८२४ मध्ये, १५ वर्षांचा असताना त्याने अंधांना बोटांनी वाचता येईल अशी उठावदार ठिपक्यांची लिपी तयार केली. जाड कागदावर मुलीला त्याच लिपीत तिचं नाव टोचू द्या. ठिपके मागून टोचायचे, म्हणून अक्षरं उजवीकडून डावीकडे आणि उलटी काढावी लागतात; मुलं हमखास चुकतात ती इथेच. मग कागद पालटून डोळे मिटून बोटांनी वाचायला सांगा. कोडं सुटलं की चरित्र ती स्वतःच मागेल.