धनुष्य कधी ओढायचं, ते आधी शिका

तुम्ही लिहिलंय की कंपाऊंड बो, म्हणजे कप्प्यांचं धनुष्य, घेऊन वर्ष झालं, 40 यार्डांवरून बाण ताटलीएवढ्या जागेत बसतात, यंदा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात पहिल्यांदा टर्कीच्या, म्हणजे कोंबडीसारख्या मोठ्या रानपक्ष्याच्या, शिकारीला जायचंय, तर जास्त ताकदीचा नवा बो घ्यावा का. मी बारा वर्षं याच राज्यात धनुष्याने टर्कीमागे फिरतोय. नवा बो अजिबात घेऊ नका. ते पैसे एका चांगल्या ब्लाइंडवर, म्हणजे लपायच्या तंबूवर घाला. आणि 40 यार्ड विसरा. पहिली काही वर्षं 20 यार्डांपलीकडे बाण सोडायचा नाही, असं मनाशी पक्कं ठरवूनच घराबाहेर पडा.

असं का म्हणतो ते सांगतो. पहिल्या वर्षी 32 यार्डांवर एक मोठा नर पिसारा फुलवून उभा होता. टारगेटवर मला ते अंतर सोपं होतं. त्या फुगलेल्या अंगाच्या मधोमध नेम धरून बाण सोडला. पिसं उडाली, पक्षी धडपडत ओढ्यापलीकडे गेला. दोन दिवस शोधला, मिळाला नाही. ती चूक पूर्णपणे माझी होती आणि आजही सलते. फुगलेला टर्की म्हणजे निम्मा पिसांचाच असतो. हृदय आणि फुप्फुसं मिळून मोठ्या मोसंब्याएवढी जागा, तीही आपल्याला वाटते त्यापेक्षा वर आणि मागे. हरणासारखा रक्ताचा माग मिळत नाही, कारण रक्त पिसांतच मुरतं. पाय शाबूत राहिले तर जखमी पक्षी लांबवर पळतो आणि एखाद्या पडलेल्या ओंडक्याखाली दडून बसतो.

म्हणून नेमाच्या जागा पाठ करा. पक्षी आडवा असेल तर पायांच्या रेषेने सरळ वर जा आणि पंख अंगाला जोडतो तिथे बाण बसवा. पाठ करून पिसारा फुलवलेला असेल तर सगळी पिसं जिथे एकत्र येतात तो पिसाऱ्याचा बुंधा. समोरून आला तर छातीवर लोंबणारा केसांसारखा झुबका, म्हणजे दाढी, जिथून फुटते, त्याच्या किंचित वर. शंका असेल तर थोडं वर धरा, खाली कधीच नाही. मान उडवणारी रुंद पाती विकत मिळतात, त्यांच्या नादी आत्ताच लागू नका. बोची ओढायची ताकद 50 पौंडांच्या आसपास असेल तर दोन इंच रुंद उघडणारं ब्रॉडहेड, म्हणजे बाणाचं पातं, चालेल, त्याहून हलका असेल तर न उघडणारं, धारदार पातं बरं.

आता मुख्य गोष्ट. टर्कीला वास जवळजवळ येत नाही, पण नजर भयंकर. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान जराशी वळवली की चौफेर दिसतं. रंगही दिसतात. बंदूकवाला बंदूक गुडघ्यावर रोखून तासभर निश्चल बसू शकतो. आपल्याला मात्र पक्षी दहा-पंधरा यार्डांवर आल्यावर धनुष्य ओढावं लागतं, आणि बहुतेक शिकारी त्याच दोन सेकंदांत फसतात. ब्लाइंड हवा तो यासाठी. टर्कीला माळावर अचानक उगवलेल्या तंबूचं फारसं काही वाटत नाही, आतली हालचाल मात्र लगेच दिसते. मागच्या खिडक्या बंद, समोरची एकच उघडी, आत अंगावर काळे कपडे, तोंडावर आणि हातांवरही काळं. ब्लाइंड आदल्या दिवशी लावून ठेवता आला तर उत्तम.

डीकॉयची, म्हणजे भुलवायला ठेवलेल्या खोट्या पक्ष्यांची, मांडणीही याच क्षणासाठी करायची. एक मादी आणि एक जेक, म्हणजे वर्षाचा तरणा नर, ब्लाइंडपासून सात-आठ यार्डांवर. जेकचं तोंड आपल्याकडे ठेवा. मोठा नर त्याला दटावायला समोरासमोर येतो, म्हणजे त्याची पाठ आपल्याकडे होते. तो पिसारा फुलवतो आणि त्याचाच पंखा त्याच्या डोळ्यांआड येतो. धनुष्य ओढायचं ते तेव्हा. बो वर न उचलता, छातीसमोरच सरळ मागे. ते जमत नसेल तर ताकद पाच-सात पौंडांनी उतरवा, टर्कीला तेवढी लागतही नाही. आजपासून सराव उभ्याने नको. बुटक्या स्टुलावर बसा, समोर खिडकीएवढी चौकट ठेवा, बाणाचं टोक तिच्या कडेला न लागता सुटतंय का पाहा, आणि ओढून एक मिनिट धरून ठेवायला शिका.

आवाजांबद्दल नवे लोक फार काळजी करतात. बॉक्स कॉल, म्हणजे टर्कीचा आवाज काढायची लाकडी पेटी, घ्या, तो दहा मिनिटांत जमतो. मादीची साधी हाक चार-पाच वेळा, मग पंधरा-वीस मिनिटं गप्प. तोंडात धरायचा पडद्याचा कॉल हात मोकळे ठेवतो, म्हणून पुढे तोच शिका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आदल्या संध्याकाळी जाऊन ऐकणं. टर्की झाडावर झोपतात. सूर्य मावळताना घुबडाचा आवाज काढला की नर न राहवून ओरडतो आणि त्याचं झाड कळतं. पहाटे अंधारातच त्या झाडापासून शंभर-दीडशे यार्डांवर, ते उतरून चरायला जातात त्या बाजूला बसा. अगदी झाडाखाली नको.

सुरक्षिततेचं एक. लाल, पांढरं, निळं काहीही अंगावर नको, मोजे आणि रुमालसुद्धा नाहीत. नराच्या डोक्याचे तेच रंग असतात आणि दुसऱ्या शिकाऱ्याची नजर तेच शोधत असते. या रंगांचं वर्णन जहांगीर बादशहाने फार बारकाईने करून ठेवलंय. 1612 साली त्याच्या मुकर्रब खान या सरदाराने गोव्याहून काही अनोखे प्राणी दरबारात आणले, त्यांत टर्की होता, आणि दरबारी चित्रकार मन्सूरने त्याचं चित्र काढलं. डोकं कधी पोवळ्यासारखं लाल, कधी कापसासारखं पांढरं, कधी पिरोजासारखं निळं होतं, असं बादशहाने लिहिलंय. ब्लाइंडमधून बघताना मला दरवेळी ते आठवतं. तर सरकारी जंगलात टर्कीच्या आवाजाच्या रोखाने कधीही दबकत जाऊ नका. कुणी माणूस दिसला तर हात हलवू नका, मोठ्याने हाक मारा. डीकॉय पिशवीत बंद करूनच न्या.

कायद्याचं थोडक्यात. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो आधी उरका. वसंतातला हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारी सुरू होतो आणि आठवड्याच्या सहा टप्प्यांत चालतो. सोडतीचे अर्ज डिसेंबरात असतात, उरलेले परवाने मार्चमध्ये मिळतात. वसंतात फक्त नर किंवा दाढीवाला पक्षी मारता येतो. मारल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करायची. व्हिसावर असाल तर हेही ध्यानात असू द्या की अमेरिकेच्या संघीय कायद्यात धनुष्य बंदुकीत मोडत नाही, त्यामुळे बंदुकीवरची किचकट बंधनं त्याला लागू होत नाहीत.

परवान्याचे पैसे जास्त वाटले तर एक सांगतो. या राज्यातले रानटी टर्की एकोणिसाव्या शतकातच संपले होते. 1976 साली मिझुरीहून पकडून आणलेले 29 पक्षी व्हर्नन काउंटीत सोडले, बदल्यात इथले रफ्ड ग्राउस हे रानपक्षी तिकडे गेले. 1983 मध्ये पहिला हंगाम उघडता आला. तुमच्या बोच्या किमतीतही 11 टक्के संघीय कर आहे, तो 1937 च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामासाठीच राखलेला. आज पहाटे जो आवाज ऐकू येतो तो या कामामुळे.

बाण लागल्यावर धावू नका. पक्षी कुठल्या दिशेला, कुठल्या झाडापाशी दिसेनासा झाला ते बसल्या जागी टिपून ठेवा आणि अर्धा तास थांबा. साफ करताना गळ्यातली अन्नपिशवी उघडून पाहा: मका, ओकची फळं, किडे, जे असेल त्यावरून पुढच्या वेळी कुठे बसायचं ते कळतं. छातीचं मांस पटकन कोरडं पडतं, पातळ काप करून झटपट परता. तंगड्या चिवट असतात, पण फेकू नका. कुकरमध्ये पाऊण तास शिजवून मालवणी मसाल्याचा रस्सा केला की आमच्याकडे सगळे आधी त्याच मागतात.

तुमच्या सरावाच्या वेळी कुणाला तरी समोर पंधरा यार्डांवर बसवा, बाण न लावता त्याच्या देखत हळूच धनुष्य ओढा आणि हालचाल कधी जाणवली ते विचारा. बाण लावलेला नाही याची आधी दोघांनीही खात्री करा, आणि दोरी रिकामी सोडू नका, हळूच परत न्या.