फिजिक्स सोडू नका

प्रश्न : मुलगी बार्शीला बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रथिनांच्या तंतूंमधून वीज वाहते, असं एका व्याख्यानात ऐकून आल्यापासून त्यातच संशोधन करायचं म्हणते. एम.एस्सी.ला बायोटेक घ्यावं का? की बी.एड. करून मोकळं व्हावं? – एक आई

ताई, बायोटेक नको. फिजिक्सच राहू द्या.

कारण सांगतो. जिओबॅक्टर नावाचा चिखलातला जीवाणू शरीराबाहेर बारीक तंतू काढतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर सोडतो. हे तंतू म्हणजे त्याची पिली, म्हणजे अंगावरचे केसांसारखे प्रथिनांचे धागे, असं बरीच वर्षं मानलं जायचं. 2019 मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं (यात नमुना गोठवून पाहतात) दाखवलं की ही तर ओएमसीएस या सायटोक्रोम, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या, प्रथिनाची माळ आहे, आणि तिच्यात लोह असलेले हीम नावाचे रेणू एकापाठोपाठ एक बसलेत. पुढे याच तंतूंवर प्रकाश टाकला तर विद्युतप्रवाह वाढतो, हेही दिसलं. या कामातले येल विद्यापीठाचे निखिल मालवणकर मूळचे फिजिक्सचे, आयआयटी मुंबईत शिकलेले. जीवशास्त्र त्यांनी नंतर उचललं. उलटा प्रवास फार जड जातो, हे मी मुलांमध्ये पाहिलंय.

आता रोजचं काम कसं असतं तेही तिला कळू द्या. अंड्याच्या पांढऱ्या बलकातलं लायसोझाइम आम्लात, पीएच 2 च्या आसपास, साठेक अंशांवर काही दिवस ठेवलं की त्याचे रेणू आपोआप रचले जाऊन अमायलॉइड, म्हणजे प्रथिनांचे घट्ट रचलेले, तंतू होतात. थायोफ्लेविन टी हा रंग घातला की तंतू चमकतात. इथवर मजा. मग तंतू सोन्याच्या दोन इलेक्ट्रोडांवर टाकायचे आणि करंट मोजायचा. हवेतल्या ओलाव्यानंही करंट वाढतो. वाहतंय ते प्रथिन की त्यावरचं पाणी, एवढं ठरवण्यातच महिने जाऊ शकतात. असलं किचकट काम तिला आवडतं का, हे तिनंच तपासावं. त्यासाठी तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आहे, दोन महिन्यांची. अर्ज वेळेत भरा. आयआयटी मुंबईत समीर माजी यांचा गट अमायलॉइडवर काम करतो, त्यांचे पेपर तिला चाळू द्या.

पुढची वाट : जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., मग नेट किंवा गेट या परीक्षांवरून पीएच.डी. जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये, त्यामुळे घरून पैसे लागत नाहीत. तुमची खरी काळजी वयाची असणार. पीएच.डी. होईस्तोवर तिशी जवळ येते, हे खरंच आहे. आणि नेमक्या याच विषयातली नोकरी आपल्याकडे कंपन्यांत मिळेल, या भरवशावर राहू नका. मायक्रोस्कोपी आणि सूक्ष्म करंटची मोजणी येणाऱ्याला मात्र इतरत्रही विचारतात.

बी.एड. एम.एस्सी.नंतरही होतं. ते आत्ता बाजूला ठेवा आणि जॅमचा जुना फिजिक्सचा पेपर तिला घड्याळ लावून सोडवायला सांगा. किती आले ते मला कळवा, मग पुढचं बोलू.