वाचकांचे प्रश्न : छोट्या नौकेवर कोणता दिवा केव्हा लावावा?

प्रश्न : माझी 8 मीटर लांबीची शिडाची नौका असून तिला मागे छोटे आउटबोर्ड इंजिन आहे. सुटीच्या दिवशी आम्ही मुंबईहून मांडव्याला जाऊन येतो आणि परतताना बहुधा अंधार पडतो. नौकेवर दिव्यांची चार बटणे आहेत : डोलकाठीच्या टोकावरचा ट्रायकलर (लाल, हिरवा आणि पांढरा असे तिन्ही रंग एकाच दिव्यात), टोकावरचाच चहूकडे दिसणारा पांढरा दिवा, डोलकाठीच्या मध्यावरचा पुढे तोंड असलेला पांढरा दिवा, आणि खालचे लाल-हिरवे व मागचा पांढरा मिळून एक. आपण नीट दिसावे म्हणून मी चारही लावतो. यात काही गैर आहे का?

उत्तर : आपला हेतू चांगला असला तरी ही सवय धोक्याची आहे आणि ती आजच सोडावी, अशी कळकळीची विनंती आहे. नौकेचे दिवे ती केवळ दिसावी म्हणून नसतात. ती काय आहे, कोणत्या दिशेला चालली आहे आणि इंजिनवर आहे की शिडावर, हे समोरच्याला अंधारात कळावे म्हणून असतात. सर्वच दिवे लावले, तर समोरच्याला चुकीचाच अर्थ लागतो.

आपली नौका डावीकडून पाहणाऱ्याला काय दिसते ते पाहा. टोकावर ट्रायकलरचा लाल दिवा आणि त्याच्या खाली मध्यावरचा पांढरा. 1972 च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांत लालाखाली पांढरा ही जाळी टाकून मासेमारी करणाऱ्या नौकेची खूण आहे, तर उजवीकडून दिसणारा हिरव्याखाली पांढरा म्हणजे ट्रॉलर, म्हणजे पाण्यातून जाळे ओढत चालणारी मच्छीमार नौका. मुंबईच्या बंदरात आणि रायगडच्या किनाऱ्यावर मच्छीमार नौकांची एवढी वर्दळ असते की कोणाही तांडेलाला (नौका चालवणाऱ्याला) हा समज सहज पटेल, आणि जी जाळी आपल्यामागे नाहीतच ती चुकवण्यासाठी तो भलतीकडे वळेल.

शीड उभारून, इंजिन बंद ठेवून चालला असाल, तर फक्त ट्रायकलर किंवा फक्त खालचे लाल-हिरवे आणि मागचा पांढरा लावावा. दोन्ही एकत्र कधीही लावू नयेत. 20 मीटरपेक्षा लहान शिडाच्या नौकेला ट्रायकलरची मुभा आहे, आणि एकाच बल्बवर तिन्ही रंग भागत असल्यामुळे बॅटरीही वाचते. इंजिन सुरू केले की, शीड वर असले तरी, नियमांच्या दृष्टीने आपली नौका यांत्रिक नौका होते. त्या क्षणी ट्रायकलर बंद करून खालचे दिवे आणि मध्यावरचा पांढरा लावावा. हा पांढरा दिवा लाल-हिरव्यांच्या वरच असावा लागतो, म्हणून ट्रायकलरबरोबर तो कधीच जुळत नाही. टोकावरचा चहूकडे दिसणारा पांढरा आपल्या नौकेवर नांगर टाकल्यावरच, आणि एकटाच, लावावा.

हा शेवटचा मुद्दा मी अनुभवाने सांगतो. एकदा रेवसकडून परतताना आम्हाला समोर एकच पांढरा दिवा दिसत होता. नौका नांगरावर आहे असे समजून आम्ही तिच्या जवळून जायचे ठरवले. तिच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, फुटणारा फेस दिसला तेव्हा ती चालती आहे हे कळले, आणि सुकाणू पूर्ण फिरवावे लागले. सकाळी बंद करायचा दिवा कोणीतरी विसरले होते, एवढेच.

सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, आणि धुक्यात किंवा जोराच्या पावसात दिवसाही, दिवे लावणे बंधनकारक आहे. एक चांगली टॉर्च सुकाण्यापाशी हाताशी ठेवावी : एखादी लाँच अंगावर येते असे वाटले, तर तिचा झोत तिच्या तांडेलाच्या डोळ्यांवर न टाकता स्वतःच्या शिडावर टाकावा. उजळलेले शीड दुरून ओळखू येते.

प्रश्न : माझी 5 मीटरची फायबरची मोटरबोट मांडवी नदीत असते. तिला मागे काठीवर एक पांढरा दिवा आणि कडेने निळ्या एलईडी पट्ट्या आहेत. एवढ्या लहान बोटीला लाल-हिरवे दिवे लागतातच का? (गोवा)

उत्तर : 7 मीटरपेक्षा लहान आणि जिचा कमाल वेग 7 नॉटपेक्षा (ताशी 7 सागरी मैलांपेक्षा) अधिक नाही, अशा यांत्रिक नौकेला चहूकडे दिसणारा एक पांढरा दिवा चालतो, शक्य असेल तर तिनेही लाल-हिरवे लावावेत. ही सवलत नौकेच्या क्षमतेवर आहे, त्या रात्री आपण किती हळू चाललात यावर नाही. आपले आउटबोर्ड 7 नॉटच्या पुढे जात असेल, तर डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा लागतीलच, आणि पांढरा दिवा त्यांच्यापेक्षा किमान 1 मीटर उंच हवा. काठी आडवी पाडून ठेवलेली असणे, किंवा मागे उभ्या माणसांनी दिवा झाकला जाणे, ही नेहमीची चूक आहे.

निळ्या पट्ट्या मात्र चालत्या बोटीवर बंदच ठेवा. नियमांतल्या दिव्यांशी गल्लत होईल, ते फिके पडतील किंवा टेहळणीत अडथळा येईल, असे इतर दिवे लावण्यास मनाई आहे. पणजीपाशी कॅसिनोंच्या आणि काठावरच्या रोषणाईत लहान बोटीचे खरे दिवे आधीच हरवतात. शिवाय जवळच्या प्रखर उजेडाने दिपलेल्या डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय व्हायला 20 ते 30 मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ बोट आंधळेपणाने चाललेली असते.

प्रश्न : जुन्या दिव्यांत बाजारातले एलईडी बल्ब बसवले तर चालतील का?

उत्तर : बॅटरीसाठी विचार योग्य आहे. 25 वॉटचा साधा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 2 अँपिअर घेतो, म्हणजे 10 तासांत 20 अँपिअर-तास खर्च होतात. परंतु जुन्या लाल-हिरव्या काचेमागे भलता एलईडी बसवला, तर रंग बदलतो आणि प्रकाशाची कडही बिघडते. नाळेच्या रेषेपासून डावा आणि उजवा दिवा प्रत्येकी 112.5 अंशांतच दिसला पाहिजे. त्यामुळे नौकांसाठी प्रमाणित असा संपूर्ण दिवाच बदलावा. काही एलईडी व्हीएचएफ रेडिओत (नौकेवरच्या संपर्काच्या रेडिओत) खरखर आणतात. रेडिओचा स्क्वेल्च (खरखर दाबणारे बटण) खरखर जेमतेम थांबेल इतपत ठेवून दिवा लावून पाहा, खरखर परत आली तर तो दिवा नको. पावसाळ्यानंतर नौका पाण्यात उतरवण्यापूर्वी डोलकाठीच्या पायथ्याचा प्लगही उघडून बघा. तांब्यावर हिरवट थर चढला असेल, तर बल्ब नवा असूनही दिवा लागणार नाही.