"माझंच शरीर माझ्यावर उलटलंय का?"

मूल होत नाही म्हणून ऐरोलीचं एक जोडपं माझ्याकडे आलं. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्याच्या शुक्राणूंची संख्या चांगली होती, पण ते एकमेकांना चिकटून गठ्ठे झालेले. पुढच्या 'एमएआर' चाचणीत शुक्राणूंविरुद्धच्या अँटीबॉडीज (शरीर परक्या गोष्टींविरुद्ध तयार करतं ती प्रथिनं) निघाल्या. "मॅडम, माझंच शरीर माझ्यावर उलटलंय. उद्या आणखी काही आजार जडेल का?" प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून आई देत असलेले काढेही त्याने धास्तीने सोडले होते.

ही भीती अनेकांना असते, म्हणून सविस्तर सांगते. शुक्राणू वयात आल्यावर तयार होतात. आपलं कोण, परकं कोण हे प्रतिकारशक्ती त्याच्या कितीतरी आधी शिकलेली असते. वृषणातल्या पेशींची घट्ट भिंत शुक्राणूंना या प्रतिकारशक्तीपासून दूर ठेवते. मार लागला, वृषणाला पीळ पडला, जंतुसंसर्ग झाला किंवा नसबंदी केली, की शुक्राणूंचा रक्ताशी संबंध येऊ शकतो आणि शरीर त्यांना परकं ठरवतं.

मी विचारलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. कॉलेजात असताना पीळ पडून त्याचं ऑपरेशन झालं होतं. लाजेपोटी त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "अहो, मग इतकी वर्षं एकट्यानेच का सहन केलंत?"

या अँटीबॉडीजमुळे शुक्राणू गर्भाशयमुखाच्या स्रावात अडकून जागीच थरथरत राहतात, किंवा स्त्रीबीजात शिरू शकत नाहीत. पुरुषाच्या लैंगिक क्षमतेला किंवा इतर तब्येतीला त्यांनी धोका नसतो. हलणाऱ्या शुक्राणूंपैकी 50 टक्के किंवा त्याहून जास्त शुक्राणूंवर त्या चिकटलेल्या असतील, तर डॉक्टर त्याकडे गांभीर्याने पाहतात. तरीही अशा काही जोडप्यांना नैसर्गिकरीत्या दिवस जातात.

तो मेडिकलमधून स्टेरॉइडच्या गोळ्या आणायच्या विचारात होता. मी स्पष्ट नको म्हटलं. फायद्याची खात्री नाही, आणि मोठ्या डोसने खुब्याच्या हाडाला कायमची इजा होऊ शकते. प्रयोगशाळेत शुक्राणू धुतल्यानेही चिकटलेल्या अँटीबॉडीज सहसा सुटत नाहीत. खरा आधार म्हणजे 1992 पासून जगाला माहीत असलेली 'इक्सी' पद्धत. तिच्यात एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात, त्यामुळे वाटेतले हे अडथळे उरत नाहीत. खर्च मोठा असतो, म्हणून काहींना डॉक्टर आधी आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याची पद्धत, सुचवतात.

तिच्या गर्भनलिकांची तपासणी मात्र अजून व्हायची होती. ती आधी करून घ्यायचं ठरलं. "आणि आईला रिपोर्ट मीच समजावून सांगतो," तो म्हणाला.