बाथरूम नियमित घासूनही कुबट वास येतो. बुरशी नेमकी कुठे लपलेली असते?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहता, दर आठवड्याला बाथरूम ब्लीचने घासता, टाइल्स चकचकीत आहेत, तरी दार उघडलं की कुबट वास येतो आणि कोपऱ्यातले काळे ठिपके महिन्याभरात पुन्हा उगवतात. मी पुण्यात वॉटरप्रूफिंग आणि बाथरूम दुरुस्तीची कामं करतो. माझं सांगणं एवढंच की आता ब्लीचची बाटली जरा बाजूला ठेवा आणि आधी ओल कुठून येतेय ते शोधा. साबणाचा थर, प्लायवूड, रंग, काहीही खाऊन बुरशी जगते. ते सगळं तुम्ही घरातून काढू शकत नाही, पाणी मात्र तोडता येतं.

पुण्यात राहण्याचा इथे मोठा फायदा आहे, कारण आपला उन्हाळा कोरडा. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच एवढी दमट असते की धडधाकट बाथरूममध्येही ठिपके येतात, त्यावरून काही ठरवू नका. पण एप्रिलमध्ये दोरीवरचे कपडे दोन-तीन तासांत कडक वाळतात. त्या दिवसांतही वास कायम असेल, तर भिंतीत किंवा फरशीखाली पाणी मुरतंय असं धरून चाला.

खात्री करायला स्वयंपाकघरातली फॉइल पुरते. टाइल्सच्या वर जो रंगाचा भाग असतो, तिथे किंवा त्याच भिंतीला बेडरूमच्या बाजूने, वीतभर फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. फॉइलच्या बाहेरच्या अंगाला दव दिसलं तर हवेतली वाफ बसतेय, म्हणजे वारा खेळता करायचं काम. आतल्या अंगाला, भिंतीकडे, ओलं लागलं तर पाणी भिंतीतूनच येतंय.

मग कुठला पाइप? चार दिवस गावाला जाऊन आलात आणि डाग सुकलेला दिसला, तर गळती वापराच्या पाण्याची: न्हाणी ट्रॅपचा (म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या, पाणी वाहून नेणाऱ्या भांड्याचा) सांधा, टाइल्समधली फट, ड्रेनेज. घर बंद असूनही डाग वाढलाच, तर आत गाडलेली नळाची लाइन बघा, कारण तिच्यात पाण्याचा दाब चोवीस तास असतो. किंवा वरच्या मजल्यावरून येत असेल. त्याबद्दल पुढे लिहितो.

पांढरी, कापसासारखी पूड दिसली तर घाबरू नका, तो बहुतेक वेळा लोणा असतो, म्हणजे सिमेंट-विटांतले क्षार. पाण्याचा थेंब टाका, क्षार विरघळतात, बुरशी विरघळत नाही. पण लोणासुद्धा ओलीचीच खूण. बादलीच्या बुडाशी येणारा गुलाबी बुळबुळीत थर हा जिवाणूंचा, तो घासला की निघतो.

लपायच्या जागांमध्ये माझा पहिला संशय बेडरूममधल्या कपाटावर. आपल्याकडे फ्लॅटमध्ये वॉर्डरोब हमखास बाथरूमच्या भिंतीला पाठ लावून बसवतात. खालच्या कप्प्यातले कपडे काढून मागच्या प्लायला हात लावा. थंड, मऊ लागला, कडेला फुगलेला असेल, तर वासाचं मूळ सापडलं. त्यानंतर बेसिनखालचं कपाट, गीझरच्या वरचा पोटमाळा, चौकटीचा खालचा टोकाकडचा भाग आणि आरशाची पाठ तपासा.

साफ करताना बुरशी कोरडी खरवडू नका, तिचे कण हवेत उडतात. मास्क, हातमोजे घाला, खिडकी उघडा, आधी साबणाच्या पाण्याने घासा. मग टाइल्सवर ब्लीच: एक भाग द्रव ब्लीच, दहा भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून धुऊन टाका. आणि कळकळीने सांगतो, ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. फरशी कडप्पा किंवा शहाबादी असेल तर व्हिनेगरही नको, दगड खातं. सिलिकॉनची पट्टी आतून काळी पडली असेल तर कापून काढा, जागा पूर्ण वाळवा, नवीन भरा. फुगलेलं प्लायवूड फेकाच. ओल बंद होण्याआधी वरून रंग मारलात तर ते पैसे वाया गेले. घरात दमा असलेलं किंवा लहान मूल असेल तर ही सफाई चालू असताना त्यांना तिथे फिरकू देऊ नका.

वाफेचंच काम निघालं तर उपाय सोपा आहे. अंघोळीनंतर वायपर मारा आणि एक्झॉस्ट वीस-तीस मिनिटं चालू ठेवा, पण दाराखाली बोटभर फट हवी, नाहीतर पंखा नुसता फिरतो, हवा ओढायला आत येतच नाही. पावसाळ्यात बाथरूमच्या दांडीवर कपडे वाळत घालणं टाळा.

आता वरच्या मजल्याचं. भांडायला जाण्याआधी त्यांना विनंती करा की न्हाणी ट्रॅप बंद करून इंच-दीड इंच पाणी एक दिवस साठवून ठेवा. तुमच्या छताला ओल फुटली की दोघांसमोर पुरावा. आपल्याकडच्या सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-बाथरूममधल्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या फ्लॅटच्या सभासदाचा, आणि गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची किंवा बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. फोटो, तारखा जोडून अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.