वॉर्ड सोडायचाय? आधी वही काढा

नर्स म्हणून वॉर्ड सोडून दुसऱ्या कामाकडे वळायचं असेल, तर राजीनाम्याआधी गेल्या वर्षभरात रुग्णसेवेशिवाय काय काय केलंत ते लिहून काढा. नवख्यांना शिकवलंत, सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीची) चेकलिस्ट भरलीत, ऑडिटच्या फाइली लावल्यात? पुढची वाट बहुतेक त्यातूनच निघते.

माझा कौल क्लिनिकल रिसर्चला, म्हणजे रुग्णांवर होणाऱ्या औषधांच्या चाचण्यांच्या कामाला. जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, अशा चाचण्यांचे नियम) प्रशिक्षण ऑनलाइन, काही तासांत होतं. काम संमतीपत्रांचं, भेटींच्या तारखा सांभाळण्याचं आणि नोंदींचं. मुरलेल्या नर्सही नोंदींतच अडकतात: डोस दिला पण वेळ लिहिली नाही, किंवा चुकलेला आकडा गिरवून टाकला. चुकीवर एकच आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर अजिबात नको.

इन्शुरन्स क्लेम तपासणीत सहसा नाइट नसते, पण दिवसभर स्क्रीनसमोर बसायची तयारी हवी. मेडिकल कोडिंगसाठी, म्हणजे निदानांना ठरलेले कोड देण्याच्या कामासाठी, आयसीडी-१० ही आजारांच्या कोडची यादी मुळापासून शिकावं लागतं, वॉर्डचा अनुभव त्याला पुरत नाही.

बायोडेटात नुसतं ‘१० वर्षं आयसीयू’ लिहू नका. किती बेडचा विभाग, किती जणांना ट्रेनिंग दिलं, कोणतं ऑडिट सांभाळलं, तेही येऊ द्या. आणि नर्सिंगचं रजिस्ट्रेशन कृपा करून लॅप्स होऊ देऊ नका. या नव्या कामांतही ते बऱ्याचदा मागतात.