पंचावन्न ग्रेनचा बार

१८७३च्या अमेरिकन स्प्रिंगफिल्ड ‘ट्रॅपडोअर’ कार्बाइनची, म्हणजे घोडेस्वाराच्या आखूड रायफलीची, इटालियन प्रतिकृती मी वापरतो, हे कळल्यापासून पत्रे येत आहेत. बहुतेक अमेरिकेतल्या मराठी मंडळींची, एक पुण्याचे. निवडक प्रश्न घेतो.

माझ्या नव्या कार्बाइनवर .४५-७० कोरलेले आहे. दुकानात याच आकड्याची काडतुसे मिळतात. कुठलीही चालतील ना? (ह्यूस्टन)

कुठलीही नाही. आकडा एकच असला तरी तो आज तीन ताकदींच्या बंदुकांवर असतो: ट्रॅपडोअर, लिव्हरच्या रायफली आणि आजच्या भक्कम एकबारी रायफली. यात सर्वांत नाजूक आपली. नळीच्या मागे बिजागरीवर वर उघडणारे जे दार आहे, ते स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारातले मुख्य कारागीर एर्स्किन ॲलिन यांनी १८६५ मध्ये बसवले. अमेरिकेतल्या यादवी युद्धातून उरलेल्या ठासणीच्या बंदुका मागून भरता याव्यात, म्हणून केलेला तो जुगाड. प्रतिकृतीचे पोलाद नवे असले तरी कुलूप त्याच धाटणीचे आहे.

मोठ्या कंपन्यांची साधी खोकी जुन्या बंदुका डोळ्यांपुढे ठेवूनच भरलेली असतात. दाबाची मान्य मर्यादा २८,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) आहे. मात्र अस्वलाच्या शिकारीसाठी ‘प्लस पी’ किंवा ‘मॅग्नम’ म्हणून विकली जाणारी जादा दाबाची काडतुसे हातातही घेऊ नका. त्या खोक्यावर बारीक अक्षरात ‘फक्त आधुनिक रायफलींसाठी’ असे लिहिलेले असते. आपली बंदूक आधुनिक नाही, कालच विकत घेतली असली तरी.

नावात ७० आहे, मग जाणकार ५५ ग्रेनच का भरायला सांगतात? दारू वाचवायला? (न्यू जर्सी)

खांदा वाचवायला. .४५ म्हणजे नळीचा व्यास इंचात, ७० म्हणजे काळ्या दारूचे ग्रेन, हे वजनाचे जुने माप. हा बार पायदळाच्या लांब रायफलीचा. घोडेस्वाराच्या कार्बाइनची नळी २२ इंचांची आणि बंदूक जेमतेम तीन किलोंची. त्यात ७० ग्रेन भरले की दस्ता असा लाथ मारतो की तिसऱ्या बाराला डोळे आपोआप मिटतात आणि नेम गेला. म्हणून सैन्याने कार्बाइनसाठी ५५ ग्रेनचे वेगळे काडतूस केले: साडेतीन ग्रॅम दारू आणि पुढे ४०५ ग्रेनची, म्हणजे सव्वादोन तोळ्यांची शिशाची गोळी.

घरी भरणाऱ्याची खरी गोम पुढे आहे. ५५ ग्रेनने टरफल भरत नाही, वर जागा उरते. काळ्या दारूत ही पोकळी चालत नाही. गोळीचे बूड दारूवर टेकलेच पाहिजे, नाहीतर नळीला फुगवटा येऊ शकतो. सैन्यानेही उरलेली जागा पुठ्ठ्याच्या चकत्यांनी भरली होती. मीही तेच करतो. चकत्या घालायच्या, गोळी बसवायची, टरफल कानाशी हलवून पाहायचे. खुळखुळले तर ते काडतूस वेगळे काढायचे.

गोळी मऊ हवी: वीस भाग शिसे, एक भाग कथील. आणि ती आपल्या नळीच्या मापाची हवी. मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकून काढा, त्याचा व्यास मोजा आणि त्याहून एक हजारांश इंच जाड गोळी घ्या. अस्सल जुनी बंदूक असेल तर तिच्या नळीत आतून तीन आटे, म्हणजे पिळाच्या खाचा, असतात; समोरासमोर खाच येत नाही आणि व्यास मोजायचा साधा कॅलिपर फसवतो. एक संपूर्ण हिवाळा मी चुकीच्या मापाच्या गोळ्या ओतत बसलो होतो.

काळी दारू मिळत नाही. त्याच मापाने बिनधुराची भरली तर?

तर बंदूक फुटेल. बिनधुराची दारू त्याच मापात कित्येक पट जोर धरते. ती वापरायचीच तर दारूच्या कंपनीने ‘ट्रॅपडोअर’ या शीर्षकाखाली छापलेला आकडाच घ्यायचा, आणि वजनकाट्यावर. त्यातही एक सापळा आहे. एवढ्या मोठ्या टरफलात तिचा छोटासा बार तळाशी दिसेनासा होतो; चुकून दोनदा पडला तरी कळत नाही. प्रत्येक टरफलात बॅटरी मारून पाहा.

लिटल बिगहॉर्नला मूळ अमेरिकन टोळ्यांशी झालेल्या लढाईत अमेरिकी सेनाधिकारी कस्टरची माणसे काडतुसे अडकल्यामुळे मेली, हे खरे का?

अडकली, हे खरे. १८७६ मध्ये टरफले तांब्याची होती. तापली की ती नळीत चिकटत, आणि चामड्याच्या पट्ट्यात राहून त्यांच्यावर हिरवा थर चढे. पण १९८३च्या वणव्याने गवत जळाल्यावर तिथे उत्खनन झाले, तेव्हा चाकूने उचकटल्याच्या खुणा असलेली टरफले थोडीच निघाली. समोरची संख्या आणि त्यांच्या हातातल्या, एकदा भरून अनेक बार काढणाऱ्या रिपीटर बंदुका, हे कारण मला जड वाटते. आपली टरफले पितळेची, तुम्ही निश्चिंत असा.

पन्नास यार्डांवर गोळी वीतभर वर लागते. (डेन्व्हर)

पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, बुटकी आहे. उंच माशी बसवा, म्हणजे गोळी खाली लागेल, आणि मग थोडी थोडी कानस मारत नेम वर आणा. आधी कानस मारलीत तर गोळी आणखी वर जाईल.

मी पुण्यात अशी प्रतिकृती मागवून घरी काडतुसे भरू शकतो का?

नाही. चालणारी बंदूक म्हटली की १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि काडतुसे बनवायला त्याच कायद्याच्या कलम ५ खाली वेगळा. ‘पुरातन’ म्हणून मिळणारी सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा बंदुकीपुरती आहे. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसे भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, पण तिथलीही गंमत पाहा: १८९८ किंवा त्याआधी बनलेली अस्सल ट्रॅपडोअर संघराज्याच्या कायद्यात ‘अँटिक’, आणि तिची कालची नक्कल मात्र साधे फायरआर्म. राज्याराज्यांचे नियम आणखी निराळे.

साफसफाई किती तातडीची?

त्याच दिवशीची. काळ्या दारूची काजळी हवेतले पाणी ओढते आणि नळी गंजते. गरम साबणाचे पाणी, कोरडे फडके, मग तेल. पाणी ओतले की लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा वास आणि सडकी अंडी असा काहीसा मिश्र दर्प सुटतो. हे काम अंगणात करा. टरफले मैदानावरच साबणाच्या पाण्याच्या बरणीत टाकून घरी आणा. पितळ लखलखीत व्हावे म्हणून ती डिशवॉशरमध्ये लावू नका. टरफलाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या प्रायमरच्या राखेत शिसे असते, आणि त्याच रॅकमध्ये संध्याकाळी वरणाच्या वाट्या लागतात.